ताठ कणा आणि वाकलेली पाठ
एका उपचारकल्पनेचा इतिहास, मुळशीच्या संदर्भात

मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकास ताम्हिणीचा घाट आहे आणि पूर्व टोकास हिंजवडी. एका टोकास जोराच्या पावसात भाताची खाचरे लावणारी माणसे दिवसचे दिवस कंबरेतून वाकून काम करतात. दुसऱ्या टोकास गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभ्या राहिलेल्या संगणक-उद्योगात हजारो तरुण खुर्चीवर बसून दिवस काढतात. दोहोंची पाठ दुखते. या तालुक्याच्या उत्तरेस लागून मावळ तालुक्यात लोणावळे आहे, पूर्वेस पुणे आहे. आणि दीर्घकालीन अंगदुखीवर अंगस्थितीची सुधारणा, स्नायूंना ताण व बळकटी हा उपाय आधुनिक भारतात ज्या दोन स्थानी प्रामुख्याने घडविला गेला ती स्थाने हीच होत. हा उपाय कोणत्या शरीरांस समोर ठेवून घडला आणि कोणती शरीरे त्याच्या कक्षेबाहेर राहिली, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यायाम हे दुखण्यावरील औषध होय, ही कल्पना आज आपणांस स्वाभाविक वाटते. परंतु ती फार जुनी नव्हे. आयुर्वेदाने कटिग्रह, गृध्रसी, मन्यास्तंभ इत्यादी वातविकारांचे सूक्ष्म वर्णन केले, पण त्यांवर स्नेहन, स्वेदन व बस्ती हे उपचार सांगितले. व्यायामाचा विचार तेथे मुख्यतः निरोग्याच्या दिनचर्येत येतो. मात्र तो अर्ध्या शक्तीने करावा, दमछाक होण्यापूर्वी थांबावे, हा दंडक सुश्रुताने घातला आहे. मात्रेचा हा विचार मोलाचा होता. तालमीत तो फारसा टिकला नाही. जोर, बैठका, मुद्गल, करेल, मल्लखांब ही सारी साधने बलसंवर्धनाची. तेथे संख्या वाढविणे हाच पुरुषार्थ. मुरगळलेला सांधा वस्ताद बसवून देत आणि मालिशही करून देत. पण ते काम तालमीच्या कडेचे होते, तालमीचे प्रयोजन नव्हते.

खेड्यांतील उपाय निराळेच होते. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, तेल चोळणे, क्वचित डाग देणे. पाठीत उसण भरली तर पायाळू माणसाचा, म्हणजे जन्मतः ज्याचे पाय आधी बाहेर आले अशा माणसाचा, पाय दुखऱ्या जागी लावून घेण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. सुशिक्षितांनी तिची थट्टा केली. परंतु उसण बहुधा काही दिवसांत आपोआपच उतरते, हे लक्षात घेता या उपायाचा लौकिक का टिकला ते कळते. शिवाय दुखणाऱ्याला त्या निमित्ताने पालथे पडून भुईला अंग टेकण्याची मुभा मिळे, हेही काही थोडे नव्हे.

‘ताठ कणा’ या शब्दप्रयोगास नैतिक अर्थ आहे, आणि माझ्या मते या इतिहासाची किल्ली तेथेच आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत व्यायामाची जी चळवळ महाराष्ट्रात झाली तिला वाकलेली पाठ ही पारतंत्र्याची खूण वाटत होती. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी प्रथम अनेक वर्षे सँडोच्या पद्धतीचा व्यायाम केला व नंतर सूर्यनमस्काराचा प्रसार हे आपले जीवितकार्य मानले. औंध संस्थानातील शाळांत नमस्कार सक्तीचे झाले. त्यांच्या लेखनात नमस्कार हा बहुतेक सर्व विकारांवर उतारा म्हणून येतो. हा दावा अर्थातच अतिरिक्त आहे. पण त्यात एक नवी गोष्ट होती : नमस्कारात कणा आळीपाळीने पुढे व मागे वळतो, आणि तो स्त्रियांनी व मुलांनीही घरच्या घरी करावा, असा आग्रह होता. तालमीबाहेरच्या शरीरांचा विचार येथे सुरू झाला.

खरे वळण लोणावळ्यास मिळाले. जगन्नाथ गणेश गुणे, पुढे स्वामी कुवलयानंद (जन्म १८८३), यांनी बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात शरीरशिक्षण घेतले आणि नर्मदाकाठी मालसर येथील परमहंस माधवदासजींकडे योगाभ्यास केला. अमळनेर येथे काही वर्षे शिक्षणकार्य केल्यावर १९२४ साली त्यांनी लोणावळे येथे कैवल्यधाम स्थापिले व त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. उड्डियान व नौली या क्रियांच्या वेळी उदरात काय घडते हे त्यांनी क्ष-किरणांच्या व दाबमापकाच्या साहाय्याने तपासले. या प्रयोगांचे कौतुक नेहमी होते. तथापि अंगदुखीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यांचे दुसरे कार्य मला अधिक महत्त्वाचे वाटते. ते म्हणजे मात्रेची पुनःस्थापना. आसन हे बलवर्धनाचे साधन नव्हे. कमीत कमी श्रमात कण्याला व त्यालगतच्या स्नायूंना ताण देऊन काही काळ स्थिर राहणे हे त्याचे स्वरूप, असा भेद त्यांनी स्पष्ट केला. १९३१ च्या ‘आसने’ या त्यांच्या ग्रंथात पूर्ण अभ्यासक्रमाबरोबर अशक्तांसाठी सोपा व संक्षिप्त अभ्यासक्रमही दिला आहे, आणि आसनात किती वेळ राहावे, तो वेळ कसा हळूहळू वाढवावा, याची मापे दिली आहेत. सुश्रुताचा अर्ध्या शक्तीचा दंडक येथे घड्याळ लावून परत आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

लोणावळ्यास व पुढे मुंबईच्या शाखेत येणारे लोक कोण होते? वकील, व्यापारी, पुढारी, सरकारी नोकर. मोतीलाल नेहरूंनी कुवलयानंदांकडून उपचार घेतले; गांधीजींनी १९२७ साली रक्तदाबाच्या विकारासाठी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला. बैठ्या जीवनाचे विकार हेच या उपचाराचे क्षेत्र ठरले. १९६३ साली कुवलयानंद व डॉ. विनेकर यांनी योगोपचारावर लिहिलेला ग्रंथ केंद्र सरकारच्या आरोग्य-शिक्षण विभागाने प्रकाशित केला, तेव्हा आश्रमातील या विद्येस सरकारी मान्यता मिळाली. पण रोगी तोच राहिला.

पुण्याची कथा निराळ्या स्वभावाची आहे. बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. गोखले यांच्या प्रोत्साहनाने १९३७ साली बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार हा अठरा वर्षांचा, क्षयाने व हिवतापाने खंगलेला तरुण डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकविण्यास आला आणि पुण्याचाच झाला. अंगविन्यासाच्या सूक्ष्मतेविषयी त्यांचा आग्रह सुप्रसिद्ध आहे : पायाचा अंगठा कोठे, गुडघ्याची वाटी कोणीकडे, खांदा किती मागे. १९५२ साली मुंबईत व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची त्यांच्याशी गाठ पडली. अंगातील ताणाने वादनात अडचण येत असलेल्या या कलावंतास त्यांच्या शिकवणीचा गुण आला, आणि १९५४ पासून अय्यंगारांना युरोपचे दार उघडले. १९६६ साली लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथास मेन्युहिन यांचीच प्रस्तावना आहे. त्या ग्रंथात जवळजवळ सहाशे छायाचित्रे, आठवड्यांच्या हिशेबाने आखलेला अभ्यासक्रम आणि शेवटी रोगांनुसार आसनांची यादी आहे. कंबरदुखी, गृध्रसी, सरकलेली चकती यांस तीत स्वतंत्र नोंदी आहेत.

अय्यंगारांचे अधिक मोठे कार्य मात्र ग्रंथात नसून साधनांत आहे, असे माझे मत आहे. १९७५ साली पुण्यात उघडलेल्या रमामणी अय्यंगार स्मृति संस्थेत भिंतीला दोर लावले आहेत. लाकडी ठोकळे, पट्टे, लोड, घोंगड्या, पाठीची फळी काढलेल्या लोखंडी खुर्च्या आहेत. ज्याचे हात भुईस पोचत नाहीत त्याच्यासाठी भुईच वर आणावयाची, हा त्यामागचा विचार. ताठरलेल्या, वृद्ध, दुखऱ्या शरीरास आसनाची मर्यादा न मोडता आसन करता यावे यासाठी वस्तूंची एवढी योजना पूर्वीच्या परंपरेत दिसत नाही. १९७९ साली अपघातात अय्यंगारांच्या स्वतःच्या कण्यास इजा झाली. त्यानंतर तेच या साधनांचे एक रोगी झाले. २०१४ साली त्यांचे निधन झाले.

आता या उपचाराच्या मुळाशी असलेल्या गृहीताकडे वळू. अमुक एक अंगस्थिती योग्य व तिच्यापासून ढळल्याने दुखणे येते, हे ते गृहीत. १९६० च्या दशकात स्वीडनमधील नाखेमसन यांनी कण्याच्या चकतीतील दाब सुई घालून मोजला व उभे राहण्यापेक्षा बसण्यात तो अधिक असल्याचे दाखविले. ताठ बसण्याच्या उपदेशाला त्यामुळे शास्त्राचा टेकू मिळाला. पण १९९९ साली जर्मनीत विल्के व सहकाऱ्यांनी एका व्यक्तीच्या चकतीत मापक बसवून पाहिले, तेव्हा सैलावून बसण्यातील दाब उभे राहण्यापेक्षा कमी भरला. एका व्यक्तीवरून सिद्धांत होत नाही, हे खरे. तरी बसण्याची एकच योग्य रीत असते, हा विश्वास तेव्हापासून सैल झाला आहे.

उपचाराच्या चाचण्यांचा निष्कर्षही असाच विचार करावयास लावणारा आहे. २०११ साली इंग्लंडात यॉर्कच्या संशोधकांनी जुनाट कंबरदुखीच्या ३१३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. बारा आठवडे योगाचे वर्ग केलेल्यांची हालचालीची क्षमता नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा वर्षभर अधिक राहिली. परंतु वेदनेच्या मापात लक्षणीय फरक पडला नाही. त्याच वर्षी अमेरिकेत सिअ‍ॅटल येथे २२८ जणांवर झालेल्या चाचणीत योग व साधे ताणण्याचे व्यायाम यांचा गुण सारखाच आला. म्हणजे लाभ आहे, आणि तो खरा आहे; पण तो अंगठ्याच्या अचूक कोनात नसून बहुधा नियमित, क्रमाने वाढविलेल्या हालचालीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शनातही जुनाट कंबरदुखीसाठी व्यायामाची शिफारस आहे, कोणत्या एका पंथाची नाही. कुवलयानंदांचे घड्याळ व अय्यंगारांची घोंगडी या निकालात टिकून राहतात. भवानरावांचा सर्वरोगहारी ताठ कणा मात्र टिकत नाही.

या निष्कर्षानिशी मुळशीच्या खाचरात उतरले पाहिजे. मुळशीच्या धरणाखाली गेलेल्या जमिनी भाताच्याच होत्या. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली तेथे झालेला सत्याग्रह आपणांस परिचित आहे. जी खाचरे उरली त्यांतील कामाची विभागणी अशी : चिखलणी पुरुषांची व बैलांची, अलीकडे लहान यंत्राची, रोपे उपटणे व लावणे बहुतांशी बायकांचे. घोट्याइतक्या पाण्यात, गुडघे जवळजवळ सरळ ठेवून, कंबरेतून पूर्ण वाकून, एका हातात मूठ व दुसऱ्याने लावणी करीत बाई मागे मागे सरकते. १९५० च्या सुमारास इंग्लंडातील फ्लॉइड व सिल्व्हर यांनी दाखविले की माणूस पूर्ण वाकला असता पाठीचे स्नायू जवळजवळ निष्क्रिय होतात आणि भार अस्थिबंधांवर पडतो. हे अस्थिबंध दीर्घकाळच्या ताणाने सैलावतात. स्नायू बळकट असला तरी त्या क्षणी तो कामावर नसतो, हे येथे ध्यानात ठेवावे. लावणी करणारी बाई अशक्त नसते. डोक्यावर चुंभळ व दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या या शरीरास ताठ चालण्याचा धडा देण्याची गरज नाही. तिच्या पाठीस नडते ती वाकण्याची मुदत.

इरल्याकडे पाहावे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा व वर पानांचे आच्छादन असलेले हे साधन डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकते, आणि त्याचा उपयोग वाकलेल्या शरीरासच होतो. छत्रीची कल्पना उभ्या माणसाची आहे, इरल्याची वाकलेल्या माणसाची. वाकणे हा येथे दोष मानलेला नाही, कामाची स्थिती मानली आहे, आणि पाऊस अंगावर न घेता ती कशी निभावेल याचा विचार कोण्या अनाम कारागिराने केला आहे. प्लॅस्टिकच्या कागदाने इरल्याची जागा घेतली. पाठ होती तशीच राहिली.

लोणावळ्याचा व पुण्याचा उपाय या पाठीपर्यंत का पोचला नाही? त्याच्या अटी पाहिल्या म्हणजे उत्तर मिळते. रिकामे पोट, सकाळची किंवा संध्याकाळची शांत वेळ, सपाट कोरडी जागा, अंथरलेली घडी. आषाढात मुळशीच्या घरात कोरडी जागा माणसांपेक्षा गुरांना व सरपणाला आधी लागते, आणि सकाळची वेळ चुलीची असते. उपाय खोटा होता असे नव्हे. तो ज्या दिवसासाठी आखला त्या दिवसाला मोकळा तास होता. हिंजवडीतील तरुणास तो लागू पडतो, कारण त्याचे दुखणे व त्याचा मोकळा तास एकाच व्यवस्थेतून आलेले आहेत. मुळशीच्या तलावाकाठी शहरी लोकांसाठी आरोग्यविहार निघाले ते त्यामुळेच.

लावणीच्या पद्धती बदलल्या, पण पाठीचा विचार करून नव्हे. १९५० च्या दशकात सरकारने जपानी भातशेतीचा प्रसार केला, पुढे चारसूत्री लागवड आली. दोहोंत रोप ओळीत व मोजलेल्या अंतरावर लावावयाचे. उत्पन्न वाढले, पण दोरीवर नजर ठेवून वाकणे तसेच राहिले. लावणीचे यंत्र मोठ्या सपाट खाचरांत चालते. त्यासाठी रोपेही चटईसारख्या थरात वेगळी वाढवावी लागतात. मुळशीच्या उतारावरील अरुंद, पायऱ्यापायऱ्यांच्या खाचरांत ते वळत नाही, आणि बांध फोडून खाचरे एक करावीत तर भाऊबंदांचे सातबारे आड येतात.