२५ डिसेंबर : मनुस्मृती दहन आणि नाताळची मराठी भजने

२५ डिसेंबर हा आमच्यासाठी मनुस्मृती दहन दिन. १९२७ साली याच दिवशी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. नाताळही त्याच दिवशी. दुकानांतून 'जिंगल बेल्स' वाजते आणि आमच्या तरुणांना वाटते, नाताळचे संगीत म्हणजे इंग्रजीच. इतिहास वेगळे सांगतो.

१६१६ साली गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. त्यात येशूजन्माची कथा मराठी ओवीत आहे. १८३१ पासून अहमदनगरला अमेरिकन मिशन होते, १८५२ साली रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले. कोल्हापूरचे वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचे. पुढे मराठी ख्रिस्ती मंडळीत कीर्तन, अभंग, भजन रुजले. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या ना. वा. टिळकांनी असंख्य गीते रचली. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून ती आजही गायली जातात.

पण प्रश्न असा की, ही भजने गायली कोणी? नगर भागातील ख्रिस्ती मंडळी बहुसंख्येने महार-मांग समाजातली. वेद कानावर पडण्याचाही हक्क ज्यांना नाकारला, त्यांनी आपल्या भाषेत, आपल्या तालात धर्मगीत गायले. ब्राह्मण कवीचे नाव पुस्तकात राहिले. गाणाऱ्या आयाबायांची नावे कोणी लिहिली नाहीत. हा विसर अपघाती नाही, तो जातीचा आहे.

काही जण म्हणतील, आपण बौद्ध, आपल्याला नाताळशी काय देणेघेणे? ऐकणे म्हणजे पूजा नव्हे. धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात जात उरली, हे बाबासाहेबांनीच परखडपणे लिहिले. ती टीका आम्हाला मान्यच आहे. पण १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले; दलित ख्रिस्ती अजूनही बाहेर आहेत. आमच्यासाठी उघडलेले दार त्यांच्यासाठी बंद असताना आम्ही गप्प बसायचे का?

वामनदादा कर्डकांची गाणी आम्ही जपतो, कारण गाणे हा आमचा इतिहास आहे. मग हाही इतिहास आमच्याच भावकीचा. यंदा दहनाचा कार्यक्रम झाल्यावर जवळच्या मराठी चर्चमध्ये जा, ही भजने ऐका. म्हाताऱ्या गायिकांना विचारून त्यांचे नाव, गाव, चाल लिहून घ्या. पुस्तकांनी गाळलेली नावे आपणच लिहायची आहेत.

जय भीम!