चंद्राच्या नावाचे मूलद्रव्य

आमच्या हिला थायरॉईडचा जुना त्रास. मागच्या महिन्यात शेजारचे काका सेलेनियमच्या गोळ्यांची बाटली घेऊन आले. "थायरॉईड सुधारतो, कॅन्सरही होत नाही म्हणे!" त्यांच्या बहिणीला थायरॉईडच्या कॅन्सरने नेले, म्हणून ही माया. पण जन्मभर इतिहास शिकवल्यामुळे मी गोळीच्या आधी तिचा इतिहास पाहिला.

१८१७ साली स्वीडनच्या बर्झेलियसला गंधकाम्लाच्या कारखान्यातील गाळात हे मूलद्रव्य सापडले. टेल्युरियमचे नाव पृथ्वीवरून, म्हणून त्याच्या या भावंडाचे ग्रीकांच्या चंद्रदेवतेवरून. पुढे बराच काळ त्याची ओळख गुरांना मारणारे विष अशीच होती. १९५७ मध्ये क्लाउस श्वार्त्झ यांनी दाखवले, की तेच अत्यल्प प्रमाणात दिले तर उंदरांचे यकृत वाचते. १९९०-९१ च्या सुमारास कळले, की टी-४ या हार्मोनचे प्रभावी टी-३ करणाऱ्या एन्झाइममध्ये सेलेनियम असते.

मग सगळ्यांनी गोळ्या का घेऊ नयेत? इथेच गंमत आहे. झाईरमध्ये (आजचे काँगो) आयोडीन आणि सेलेनियम दोन्हींची कमतरता असलेल्या मुलांना नुसते सेलेनियम दिले, तर थायरॉईडचे हार्मोन आणखीच घटले. टी-४ भराभर खर्च होऊ लागले आणि नवे करायला आयोडीन नव्हते!

कॅन्सरचेही तसेच. १९९६ मध्ये अमेरिकेत १३१२ रुग्णांच्या अभ्यासात त्वचेचा कॅन्सर काही कमी झाला नाही, पण इतर कॅन्सर कमी दिसले. आशा वाढली. ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर मोठी चाचणी झाली, ती फायदा दिसेना म्हणून २००८ मध्ये थांबवली. गोळीने थायरॉईडचा कॅन्सर टळतो, असेही सिद्ध झालेले नाही. कमतरता असेल तर भरून काढावी, पण ते डॉक्टरांनी ठरवावे.

आमच्या डॉक्टरांनी हिला नको म्हणून सांगितले. बाटली परत द्यायला गेलो, तेव्हा काकांना हे सगळे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मास्तर, म्हणजे तेव्हा मला या गोळ्या माहीत असत्या, तरी ताई वाचली नसती?"

"इतिहास तरी तसे सांगत नाही, काका."

त्यांनी सुस्कारा टाकला आणि काकूंना चहा ठेवायला सांगितले.