लोकरीपासून फोमपर्यंत : मोटारीचा रंग घासणाऱ्या पॅडचा इतिहास

मोटारीच्या रंगाला पॉलिश करण्यासाठी वापरला जाणारा फोमचा पॅड ही दिसायला किरकोळ वस्तू आहे. पाच-सहा इंच व्यासाची आणि इंचभर जाडीची स्पंजाची चकती यंत्राला चिकटवायची आणि रंगावरून फिरवायची, एवढेच तिचे काम. परंतु ती चकती कडक घ्यावी की मऊ, हा जो प्रश्न आज डिटेलिंग करणाऱ्या, म्हणजे गाडीच्या बाह्यरूपाची बारकाईने निगा राखणाऱ्या, प्रत्येक कारागिरापुढे असतो, तो पॅडच्या कारखान्यात नव्हे, तर रंगाच्या कारखान्यात निर्माण झाला. गेल्या शंभर वर्षांत मोटारीच्या रंगाचे रसायन बदलत गेले, तसतसे तो घासण्याचे साधनही बदलावे लागले, आणि म्हणून पॅडचा इतिहास सांगायचा तर सुरुवात रंगापासूनच करावी लागते.

पहिल्या मोटारी रंगवल्या गेल्या त्या घोडागाड्या रंगवणाऱ्यांच्या रीतीने. जवसाच्या तेलात खललेला रंग आणि त्यावर व्हार्निश असे अनेक हात ब्रशने द्यायचे, प्रत्येक हात नीट वाळू द्यायचा, आणि मधले थर प्युमिसच्या, म्हणजे ज्वालामुखीतून निघालेल्या सच्छिद्र दगडाच्या, ओल्या पुडीने घासून सपाट करायचे, असा तो क्रम असे. एक गाडी पुरी व्हायला कित्येक आठवडे लागत, आणि कारखान्यात सांगाडे व इंजिने भराभर तयार होत असताना रंगखात्यात मात्र गाड्या वाळत पडून राहत.

ही कोंडी फोडली नायट्रोसेल्युलोज लॅकरने. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून मिळणारा पदार्थ द्रावकात विरघळवला, की तो द्रावक उडून जाताच मागे कडक पापुद्रा उरतो, हे पूर्वीपासून माहीत होते. मात्र हे द्रावण इतके दाट होई की ते फवारता येत नसे. ड्यूपॉन्ट कंपनीच्या रसायनज्ञांनी ते पातळ, तरीही पुरेसा जाड थर देणारे करण्याची युक्ती शोधली, आणि जनरल मोटर्सने १९२३ मध्ये, १९२४ सालच्या ओकलंड गाड्यांवर, हा ‘ड्यूको’ नावाचा रंग प्रथम बाजारात आणला. आठवड्यांचे काम तासांवर आले. पण या रंगाचा एक स्वभाव होता आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला: फवाऱ्यातून उतरलेला लॅकर निस्तेज दिसे, आणि घासल्याशिवाय त्याला चकाकी येत नसे. घासणे ही पूर्वी थरांच्या मधली तयारी होती. आता ती रंगकामाची शेवटची आणि अनिवार्य पायरी झाली.

मोटारींच्या रंगाच्या घासकामाने इतर उद्योगांनाही चालना दिली. पाण्यात भिजवून वापरता येणारा पॉलिश पेपर थ्रीएम कंपनीने १९२१ मध्ये आणला, तेव्हा त्याचे मोठे गिऱ्हाईक मोटारींचे रंगारीच होते. आणि त्याच कंपनीचा रिचर्ड ड्रू हा तरुण कर्मचारी हे पेपर घेऊन सेंट पॉल शहरातील गॅरेजात गेला असता, दुरंगी गाडी रंगवताना चिकटवलेला कागद काढला की खालचा रंगही सोलून निघतो, हे पाहून त्याला मास्किंग टेपची कल्पना सुचली, जी १९२५ मध्ये प्रत्यक्षात उतरली.

लॅकर घासण्यासाठी यंत्रावर चढवली जाई ती मेंढीच्या लोकरीची टोपी किंवा लोकरी पॅड. लोकरीचा प्रत्येक धागा कंपाउंडचे, म्हणजे घासक पुडीच्या मलमाचे, कण धरून स्वतंत्रपणे रंगावर ओरखडत जातो, त्यामुळे ती फार वेगाने कापते. लॅकरला हे मानवत असे. त्याचा थर पुरेसा जाड असे, रंग वरपासून खालपर्यंत एकच असे, आणि घर्षणाच्या उष्णतेने तो किंचित मऊ होऊन बारीक ओरखडे सौम्य होत. पॅडवर गाडीचाच रंग उतरलेला दिसे. कारागीर त्यावरूनच किती कापले गेले याचा अंदाज बांधत.

या इतिहासाचा एक धागा मुंबईत पोहोचतो. जनरल मोटर्सने शिवडी येथे १९२८ मध्ये मोटारी जोडण्याचा कारखाना सुरू केला, तेव्हा त्या कंपनीच्या गाड्यांवर ड्यूकोचा जम बसलेला होता. तो लॅकर मोटारींवरून कधीच गेला, पण महाराष्ट्रातील सुतार आजही कपाटाच्या दारावर फवारलेल्या गुळगुळीत रंगाला ड्यूकोच म्हणतात, आणि गॅरेजांतून ‘रबिंग-पॉलिश’ हा जोडशब्दही अजून तसाच वापरात आहे.

फोमची कथा वेगळ्या ठिकाणी सुरू होते. जर्मनीतील लेव्हरकुसेन येथे ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेन हे रसायन तयार केले. आयसोसायनेट नावाच्या घटकाशी पाण्याचा संबंध आला की कार्बन डायऑक्साइड वायू सुटून पदार्थात बुडबुडे धरतात. सुरुवातीला हा दोष मानला गेला, आणि असे नमुने फार तर भोकाभोकांच्या चीजची नक्कल करायला उपयोगी पडतील, असा शेरा तपासणी करणाऱ्यांनी मारल्याचे सांगतात. पुढे हेच बुडबुडे जाणूनबुजून धरवून १९५० च्या दशकात गाद्या-उशांचा मऊ फोम बनू लागला.

मोटारीच्या रंगाला या फोमची गरज भासली ती क्लिअर कोट आल्यावर. रंगाचा पातळ बेस कोट आणि त्यावर पारदर्शक संरक्षक थर, म्हणजेच क्लिअर कोट, ही पद्धत युरोपात आधी रुळली आणि १९८० च्या दशकात अमेरिकेतही सर्वत्र झाली. हा थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले की लोकरी पॅड फिरवणाऱ्याच्या हाताखाली किती थोडे शिल्लक होते, ते कळते. शिवाय या थराचे रेणू एकमेकांत गुंफले जाऊन पक्के होतात, त्यामुळे तो लॅकरप्रमाणे उष्णतेने मऊ पडून ओरखडा लपवत नाही. काळ्या गाडीवर लोकर फिरवली की उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे आणि सरकणारे पट्टे चमकू लागले. त्यांना कारागीर ‘स्वर्ल मार्क’ आणि ‘होलोग्राम’ म्हणतात. ग्राहकांच्या तक्रारी वाढल्या, आणि सुटे धागे नसलेला, दाब सारखा वाटून देणारा फोम गॅरेजात शिरला. दुरुस्तीत वापरले जाणारे बहुतेक क्लिअर कोटही पॉलियुरेथेनच्याच कुळातले आहेत, म्हणजे बायर यांच्या शोधाची एक शाखा आज दुसरीला घासून चमकवते. रंग आणि पॅड यांचे नाते याहून स्पष्ट करणारा दाखला सापडणे कठीण.

फोम पॅडची कापण्याची क्षमता मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे जाळीची वीण, जी एका इंचात किती छिद्रे येतात यावरून मोजतात. दुसरी म्हणजे कडकपणा, जो फोम त्याच्या जाडीच्या पाव भागाइतका दाबायला किती भार लागतो यावरून काढतात. घनता आणि कडकपणा एकच, असा समज पक्का रुजला आहे, पण तो चुकीचा आहे. जड फोम मऊ आणि हलका फोम कडक असू शकतो. रंगांच्या खुणांनी घोटाळा आणखी वाढवला. अमेरिकेतील लेक कंट्री कंपनीच्या जुन्या मालिकेत पिवळा पॅड सर्वांत जास्त कापणारा, तर इटलीच्या रूपेस कंपनीत जास्त कापणारा निळा आणि पिवळा सफाईचा. एका कंपनीच्या रंगावरून दुसऱ्या कंपनीचा पॅड निवडणाऱ्याने क्लिअर कोट गमावण्याचीच तयारी ठेवावी, इतका हा फरक गंभीर आहे, आणि उद्योगाने त्यावर एक सामाईक खूण ठरवलेली नाही, ही उणीवच म्हटली पाहिजे.

यंत्रानेही पॅडला आकार दिला. एकाच अक्षावर फिरणाऱ्या रोटरी यंत्राला जाड पॅड चाले. पण फिरता फिरता ८, १५ किंवा २१ मिलिमीटरचे छोटे फेरे घेणारे ड्युअल अॅक्शन यंत्र आले, तेव्हा जाड फोम ती हालचाल स्वतःतच जिरवून टाकतो असे दिसले, आणि पॅड पातळ होत गेले. घर्षणाची उष्णता बाहेर पडावी म्हणून अनेक पॅडना मध्ये भोक ठेवण्यात आले.

एवढ्या वाटचालीतून कारागिरांनी जी रीत स्वीकारली, ती साधी आहे: बॉनेटवर वीतभर चौकोन आखून प्रथम मऊ पॅड आणि सौम्य पॉलिश लावून पाहायचे, दिव्याखाली निरखायचे, आणि ओरखडे राहिलेच तर एक पायरी कडक पॅडकडे जायचे. गाडी पॉलिशला देणाऱ्यानेही रंगाची जाडी मापकाने मोजून घेण्याचा आग्रह धरावा, कारण घासून गेलेला क्लिअर कोट कोणत्याही पॅडने परत येत नाही. तो पुन्हा फवारावाच लागतो.