बंदुकीच्या नळीतील मीठ

शिकारकथांना मराठीत तोटा नाही. मचाण, हाकारे, जखमी वाघाचा माग यांची वर्णने आपण आवडीने वाचतो. परंतु शिकारी तंबूत परतल्यावर रायफलीच्या नळीचे काय करीत असे, याविषयी हे लेखक बहुधा मौन पाळतात. वस्तुतः त्या अर्ध्या तासाचा इतिहास कोणत्याही हाक्याइतकाच चित्तवेधक आहे. पाणी हा लोखंडाचा शत्रू व तेल हा त्याचा रक्षक, ही आपली पिढीजात समजूत. पण एका काळी याच समजुतीने उत्तमोत्तम नळ्यांचा घात केला.

जुनी काळी दारू म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा. ती जळली की निम्म्याहून अधिक भाग घन मळाच्या रूपाने मागे राही. हा मळ ओल शोषून घेई आणि एका रात्रीत नळी खाई. म्हणून त्या काळचा शिकारी, कितीही थकलेला असो, नळी पाण्याने धुऊन, कोरडी करून, मगच तिला तेल लावी. १८५७ च्या ज्या काडतुसांचा एवढा बोभाटा झाला, त्यांवरील वंगणाचा संबंधही याच मळाशी होता. तोंडाकडून भरावयाच्या एनफील्ड रायफलीत मळलेल्या आट्यांतून गोळी खाली सरकावी, हा त्याचा हेतू. त्या उठावाची कारणे खोल होती हे खरेच. पण निमित्त झालेली चरबी नळी स्वच्छ राखण्याच्या अडचणीतून आली, हे इतिहासकार क्वचितच सांगतात.

दुसरी अडचण ठिणगीची. अलेक्झांडर फॉरसिथ हा स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक पाणपक्ष्यांच्या शिकारीचा शौकीन होता. चकमकीच्या बंदुकीत आधी ठिणगीचा लखलखाट होई आणि पक्षी सावध होत. फॉरसिथने आघाताने पेटणारे मिश्रण योजिले व १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट होते. पुढे तांब्याची टोपी आली, मग धातूचे काडतूस आले. क्लोरेट मात्र टोपीत टिकून राहिले. ते जळल्यावर उरते पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील मिठाचे सख्खे भावंड. काळ्या दारूच्या काळात नळी धुतली जाईच, तेव्हा मळाबरोबर हे मीठही निघून जाई आणि कोणाच्या ध्यानात येत नसे.

१८८९ मध्ये कॉर्डाइट निघाले आणि धूर गेला. नळी जवळजवळ लखलखीत दिसू लागली. मग पाण्याची कटकट कशाला? शिकारी तेलाची चिंधी फिरवून स्वस्थ झोपू लागले आणि काही दिवसांनी नळीत तांबूस ठिपके पाहून हताश होऊ लागले. दोष नव्या दारूवर आला. तिच्या धुरातील आम्ल पोलादाच्या छिद्रांत शिरते आणि मागाहून ‘घामासारखे’ पाझरते, अशी उपपत्ती विद्वानांनीही मानली. अखेर १९२२ मध्ये अमेरिकेच्या खाणखात्यातील विल्बर्ट हफ याने आपला प्रबंध प्रसिद्ध करून खरा अपराधी दाखविला: टोपीतील मीठ. ते तेलात विरघळत नाही. तेलाच्या पापुद्र्याखाली ते तसेच बसते, हवेतील ओल ओढते आणि लोखंड कुरतडते. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर त्याला पर्वणीच.

गंमत अशी की, ब्रिटिश सैन्यात गोळीबारानंतर नळीत उकळते पाणी ओतण्याची शिस्त होती. शिपायाला रसायनशास्त्र ठाऊक नव्हते. किटली ठाऊक होती. पाण्यात मीठ विरघळते आणि तापलेली नळी आपोआप लवकर सुकते, एवढे पुरेसे होते. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातून निघालेल्या ३०३ च्या काडतुसांनाही हाच उपाय लागू होता. १९२० नंतरच्या दशकात क्लोरेटरहित टोप्या बाजारात आल्या. सैन्याच्या काडतुसांत मात्र जुने मिश्रण त्यानंतरही कित्येक वर्षे राहिले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडील हौशी शिकारीचा काळ सरला, आणि तो सरला हे बरेच झाले. तथापि वडिलांची परवान्याची रायफल अजून कोठे कोठे बदलीच्या सामानातून गावोगाव फिरते. टोपीचा प्रकार ठाऊक नसलेले जुने काडतूस तिच्यातून उडालेच, तर ते मिठाचेच समजावे. साफ करताना प्रथम काडतुसे खोलीबाहेर ठेवावीत. मग बोल्ट उघडून काडतुसाचे घर डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून रिकामे असल्याची खात्री करावी. काल रिकामी केली होती, हा पुरावा नव्हे. बोल्ट काढावा, तोंड खाली करून मागून नरसाळ्याने उकळते पाणी सोडावे, लाकडी दस्ता भिजू देऊ नये. नंतर चिंध्या कोरड्या निघेपर्यंत फिरवाव्या आणि शेवटी तेलाचा पातळ हात द्यावा. गजही शक्यतो मागूनच घालावा. तोंडाकडचे आटे झिजले की नेम गेला. पुन्हा बार काढण्यापूर्वी ते तेल पुसून, मागून उजेडाकडे नळी पाहावी. महिनोन् महिने पडून राहिलेल्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, आणि ते घर किंवा अडकलेली एखादी चिंधी नळी फाडण्यास पुरेशी असते.