पिसूजन्य ज्वराचे स्थलांतर : धान्यकोठारांपासून उपनगरांपर्यंत

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील शहरांत एक ताप अधूनमधून डोके वर काढीत असे. रोग्याला तीव्र डोकेदुखी होई, काही दिवसांनी अंगावर पुरळ उठे, आणि ही लक्षणे उवांमुळे पसरणाऱ्या टायफसशी, म्हणजे प्रलापक सन्निपात ज्वराशी, जुळत असली तरी रोग्यांच्या अंगावर उवा मात्र सापडत नसत. सार्वजनिक आरोग्य सेवेतील केनेथ मॅक्सी यांनी अलाबामातील माँटगोमेरी शहरातल्या रोग्यांची घरे आणि कामाच्या जागा नकाशावर मांडल्या, तेव्हा घरांवरून काही निष्पन्न झाले नाही. कामाच्या जागा मात्र किराणा दुकाने, पशुखाद्याची कोठारे आणि खाणावळी यांच्याभोवती एकवटलेल्या दिसल्या. त्यावरून रोगाचा मूळ साठा उंदीर-घुशींत असावा आणि पिसू, गोचीड किंवा तत्सम कीटकामार्फत तो माणसापर्यंत पोचत असावा, असे अनुमान त्यांनी १९२६ साली मांडले, आणि पाच वर्षांनी बाल्टिमोर येथील उंदरांच्या पिसवांतून रोगजंतू वेगळा काढण्यात आल्याने ते खरे ठरले.

मुंबईत १९०५ पासून काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने प्लेगची वाहक म्हणून ज्या पिसवेवर ठपका ठेवला, तीच उंदराची पिसू येथेही मुख्य गुन्हेगार होती. कार्यपद्धती मात्र निराळी. प्लेगचे जंतू पिसवेच्या अन्नमार्गात बोळा होऊन बसतात आणि चाव्याबरोबर रक्तात उतरतात, तर या तापाचा रोगजंतू रिकेट्सिया टायफी हा पेशींच्या आत वाढणारा जिवाणू तिच्या आतड्यात वाढून विष्ठेवाटे बाहेर पडतो, आणि चावलेली जागा खाजवताना माणूस स्वतःच ती विष्ठा जखमेत चोळतो. पिसवेला त्याची फारशी बाधाही होत नाही.

१९४४ साली अमेरिकेत पाच हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. त्यानंतर उंदरांच्या वाटांवर डीडीटीची भुकटी टाकण्याच्या मोहिमांनी हा आकडा झपाट्याने खाली आणला, आणि रोग संपल्यातच जमा आहे असा समज रूढ झाला. तो फसवा होता. दक्षिण कॅलिफोर्नियात रुग्ण आढळतच राहिले, तेही उंदरांच्या वखारींजवळ नव्हे, तर हिरवळ राखलेल्या उपनगरांत. पोटाच्या पिशवीत पिले वाढवणारा ओपोसम हा निशाचर प्राणी मूळचा या किनाऱ्यावरचा नव्हे, पूर्वेकडून माणसानेच आणलेला. घरांच्या जोत्याखालच्या पोकळीत राहणे आणि अंगणातले मांजराचे उरलेले खाणे फस्त करणे त्याच्या चांगलेच अंगवळणी पडले. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने रोगाच्या या बदललेल्या साखळीत ओपोसमकडे बोट दाखवले, आणि पुढे लॉस एंजेलिस व टेक्सास येथील तपासांतूनही तोच धागा हाती आला.

तरीही सारा दोष ओपोसमच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण त्याच्या अंगावर मोठ्या संख्येने सापडणारी पिसू मुख्यतः मांजराचीच असते, आणि वन्य प्राणी व घरातली गादी यांमधील अंतर तीच मांजरे मिटवतात. शिवाय ओपोसम मारून प्रश्न सुटत नाही, कारण मेलेल्या प्राण्याचा देह थंडावू लागताच भुकेलेल्या पिसवा तो सोडून जवळच्या उबदार अंगाचा शोध घेऊ लागतात.