छापून न आलेली बातमी

माईची, म्हणजे माझ्या आजीची, काळ मोजायची रीत वेगळी होती. आत्याचं लग्न 'स्वराज्य आलं त्या वर्षी', आमचं गिरगावातलं बिऱ्हाड 'लढाई पेटल्यावर', आणि माझे वडील 'गोदीच्या स्फोटात रांगते'. तारीख तिला लागत नसे. स्फोटाची तारीख मी पुढे शोधली: १४ एप्रिल १९४४, शुक्रवार.

चैत्र होता. चाळीत शेजारच्या बिऱ्हाडी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. मुंबईत रेशन लागून वर्ष होत आलं होतं, साखर मोजून मिळे. पण कैरीची डाळ झाली होती आणि पन्ह्यात गूळ पडला होता. पन्हं गुळाचंच चांगलं, असं माई पुढे जन्मभर म्हणाली. ते चवीमुळे की त्या दिवसांच्या सवयीमुळे, देव जाणे. चार वाजून गेले असतील. कुणीतरी डाळीवर फोडणी ओतत होतं आणि चाळ हलली. माईच्या मते आधी जिना हलला, मग आवाज आला. आत्याआजी हट्टाने उलटं सांगे. पातेल्यात छताचा चुना पडला. ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळा कागद खळीने चिकटवलेला होता. काचा फुटल्या त्या त्या कागदालाच धरून लोंबत राहिल्या. बायका पोरं उचलून खाली धावल्या, जपान्यांनी बॉम्ब टाकला म्हणत. अर्ध्या तासाने दुसरा आवाज झाला, पहिल्याहून मोठा.

जपानी नव्हते. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं इंग्रजी जहाज जळत होतं. बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे दोन दिवसांपूर्वी लागलेलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, खोक्यांत बंद केलेली लढाऊ विमानं, सोन्याच्या विटा. आणि कराचीला त्यातच भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, लाकूड, तेलाची पिंपं. दारू आणि कापूस एका जहाजात! माई हे ऐकून म्हणायची, "घरात रॉकेलचा डबा चुलीशी ठेवला तर सासू बोलते, आणि हे साहेब." दुपारी दोनच्या सुमाराला कापसातून धूर निघाल्याचं कळलं. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, चार चौतीसला दुसरा. हादरा पार शिमल्याच्या भूकंपमापकावर उमटला.

माईचा भाऊ, आमचा अण्णामामा, गोदीत टॅली क्लार्क होता. त्याचं नशीब असं की त्या दिवशी त्याचं काम दक्षिणेकडे, अलेक्झांड्रा गोदीत होतं. तो दुसऱ्या दिवशी उजाडताना चालत घरी आला. धोतर तेलकट, भुवया करपलेल्या. माईने चहा पुढे केला तर कपबशी धरवेना. पहिलं वाक्य बोलला ते, "बये, आभाळातून जळता कापूस पडत होता गो." हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मोठ्ठं 'जलपद्म' जहाज उचललं जाऊन शेडवर आदळलं, हेही तोच सांगायचा. लहानपणी आम्हाला ती त्याची रंगवून सांगायची सवय वाटे. मग मी फोटो पाहिला.

बंबवाल्यांविषयी मात्र तो कधी रंगवून बोलला नाही. दुपारभर ते जहाजावर पाणी मारत होते. पोलाद इतकं तापलं होतं की पाण्याची वाफ व्हायची. त्यांतले ६६ गेले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी.

लोकांना गोष्ट आवडते ती सोन्याची. मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात छप्पर फोडून सोन्याची वीट पडली आणि त्यांनी ती परत केली. खरी आणि सुंदर गोष्ट आहे. पण माईच्या तोंडी सोनं क्वचित यायचं. तिच्या तोंडी असायचं ते मांडवीतलं धान्य. मसजिद बंदर, मांडवी इकडे वखारीच वखारी. तांदूळ, गहू, तूप, मसाले. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले आणि वारा फिरला की करपल्या भाताचा वास गिरगावापर्यंत यायचा. बंगालात आदल्या वर्षी माणसं तांदळावाचून मेली होती. माई पुढे म्हातारी झाली तरी खाली लागलेला भात टाकू द्यायची नाही. पण तो वास आला की स्वतः उठून गॅलरीत जाऊन उभी राहायची. ऐंशी हजार माणसं बेघर झाली, शाळांतून, देवळांतून निजली. चाळीतल्या बायकांनी पोळ्या लाटून पाठवल्या, रेशनच्या कणकेतून.

आणि यातलं वर्तमानपत्रात काही नाही. युद्धाचा सेन्सॉर. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी जगाला सांगितलं. मुंबईच्या छापखान्यांना परवानगी मिळाली ती मे महिन्याचा दुसरा आठवडा उजाडल्यावर. तोवर बातमी फक्त माणसांच्या तोंडात. पत्र उघडून वाचतील या धास्तीने माईने राजापूरला कार्ड टाकलं त्यात 'सर्व क्षेम' एवढंच. गावाला खरं काय ते कळलं चाकरमानी सुट्टीला उतरले तेव्हा.

अण्णामामाही त्या मे महिन्यात गेला होता. ओटीवर रोज माणसं जमायची, लांबच्या वाड्यांवरून चालत आलेली. त्यांना स्फोट ऐकायचा नसे. कुणाचा मुलगा, कुणाचा दीर गोदीत हमालीला होता, नाव घेऊन विचारत, "आमचो दिसलो काय?" दिसलेल्यांचं तो सांगे. बाकीच्यांना, मुंबई मोठी आहे, इस्पितळात असेल, येईल. दोन घरी गणपतीलाही कुणी आलं नाही.

मेलेल्यांचा आकडा कुणी आठशे लिहितं, कुणी तेराशे. मधल्या पाचशेंबद्दल मी अण्णामामाला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, रोजावरच्या माणसाचं नाव मुकादमाच्या वहीत असायचं. मुकादम गेला, वहीपण गेली.