टर्बो बसवला, मग रेडिएटरही बदलावा का? : उष्णतेच्या तीन वाटांचा इतिहास

१/ गेल्या आठवड्यात एका जुन्या वर्गमित्राचा निरोप आला. आपल्या स्पोर्ट्स कारला टर्बो बसवायचे त्याने ठरवले आहे. एक मेकॅनिक म्हणतो, रेडिएटरही मोठा घ्या. दुसरा म्हणतो, पैसे वाया जातील. साठवलेल्या पैशांत एकच मोठी खरेदी बसते. निरोपाच्या शेवटी होते : "तू इतिहासवाला, तुला काय विचारायचे म्हणा!" मित्रहो, हा धागा त्या वाक्याचे उत्तर आहे.

२/ आरंभ १९०५ पासून करू. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने त्या वर्षी एका कल्पनेचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंबरोबर इंधनाची बरीच ऊर्जा वाया जाते. त्या वायूंनी एक चक्र फिरवावे आणि त्या चक्राने इंजिनात अधिक हवा दाबून भरावी, ही ती कल्पना. टर्बोचार्जरचा जन्म असा काटकसरीतून झाला.

३/ पुढचा प्रसंग १९१८ चा, अमेरिकेतील पाइक्स पीक या शिखराचा. उंची सुमारे ४,३०० मीटर. सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी हे विमानाचे इंजिन तिथे नेऊन चालवले. समुद्रसपाटीला सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन विरळ हवेत २३० वर घसरले. टर्बो जोडताच ते पुन्हा ३५० च्या पुढे गेले.

४/ या प्रयोगातला एक बारकावा महत्त्वाचा आहे. तिथे टर्बोने इंजिनाला त्याची गमावलेली शक्ती परत दिली. मोटारीत तसे नसते. रस्त्यावरची गाडी मुळातच दाट हवेत, पूर्ण शक्तीने चालत असते. तिला टर्बो जोडला की रचनाकाराने जी शक्ती, आणि जी उष्णता, गृहीत धरली होती, तिची मर्यादा ओलांडली जाते. मित्राचा प्रश्न इथे जन्मतो.

५/ ढोबळ हिशोब असा. पेट्रोलच्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराड्यातून जातो आणि उरलेला इंजिनाच्या धातूतून पाणी, तेल व भोवतालच्या हवेत उतरतो. शक्ती दीडपट करायची तर इंधनही जवळपास दीडपट जाळावे लागते. मग उष्णताही त्याच प्रमाणात वाढणार. प्रश्न एवढाच, की ती कोणत्या वाटेने बाहेर काढायची?

६/ वाटा तीन आहेत. पहिली : दाबल्यामुळे तापलेली, इंजिनात शिरणारी हवा. दुसरी : सिलिंडर आणि त्याचे डोके, ज्यांची उष्णता पाणी वाहून नेते. तिसरी : तेल, जे टर्बोच्या लालबुंद घराशेजारचे बेअरिंग सांभाळते. रेडिएटर यांपैकी केवळ दुसऱ्या वाटेचा पहारेकरी आहे. मोटारींच्या इतिहासातल्या अनेक फजित्या वाट ओळखण्यात चूक झाल्यामुळे घडल्या.

७/ १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर बाजारात आली. साडेतीन लिटरचे अ‍ॅल्युमिनियमचे व्ही-८ इंजिन, २१५ अश्वशक्ती आणि वर टर्बो. संपीडन गुणोत्तर १०.२५ : १, म्हणजे टर्बोच्या गाडीसाठी भलतेच चढे. अशा इंजिनात तापलेली हवा शिरली की इंधन भलत्या क्षणी पेटते, ठोके पडतात आणि दट्ट्या निकामी होऊ शकतो. ही पहिल्या वाटेची उष्णता.

८/ त्यावर अभियंत्यांनी चतुर तोड काढली. ऊर्ध्वपातित पाणी आणि मेथनॉल यांचे मिश्रण एका टाकीत भरायचे. दाब वाढला की ते इंजिनात फवारले जाई आणि हवा थंड होई. टाकी रिकामी झाली तर टर्बोचा दाब रोखणारी झडपही बसवली होती. कागदावर दोष काढायला जागा नव्हती.

९/ प्रत्यक्षात अनेक मालकांनी टाकी भरलीच नाही. गाडी मंदावली की दोष टर्बोच्या माथी. दोन वर्षांत सुमारे साडेनऊ हजार गाड्या तयार झाल्या आणि उत्पादन थांबले. पुढे कंपनीनेच अनेक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. मालकाच्या रोजच्या आठवणीवर विसंबणारी व्यवस्था किती टिकते, याचा हा दाखला.

१०/ आता जर्मनीत येऊ. १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात पोर्शेने ९११ टर्बो मांडली : तीन लिटर, २६० अश्वशक्ती. हे इंजिन हवेने थंड होणारे. त्याला पाण्याचा रेडिएटरच नव्हता! ठोके टाळण्यासाठी संपीडन गुणोत्तर ६.५ : १ इतके खाली आणले होते. त्यामुळे टर्बो जागा होईपर्यंत इंजिन सुस्त वाटे.

११/ १९७८ च्या आवृत्तीत इंजिन ३.३ लिटरचे झाले आणि मागच्या पंखाखाली इंटरकूलर आला. दाबलेली हवा आधी गार करून मग आत सोडायची. हवा गार झाल्यामुळे संपीडन गुणोत्तर ७ : १ वर नेता आले आणि शक्ती ३०० वर पोहोचली. पहिल्या वाटेचे उत्तर पहिल्या वाटेवरच शोधले, याचा हा लाभ.

१२/ परंतु शर्यतीत शक्ती वाढतच गेली. त्याच १९७८ साली पोर्शेच्या ९३५/७८ या शर्यती गाडीत, जिला 'मोबी डिक' म्हणतात, प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आल्या. झडपांच्या दाटीत वारा पोहोचेना. तेव्हा हवेवर निष्ठा असलेल्या या घराण्याने सिलिंडर हवेवरच ठेवले आणि डोक्यांना पाणी दिले. १९८२ ची ९५६ आणि १९८६ ची ९५९ याच मार्गाने गेल्या. दुसरी वाट खरोखर तुंबली, तेव्हाच पाणी आले.

१३/ यात काळाचा हिशोबही आहे. फॉर्म्युला वनच्या १९८० च्या दशकातील दीड लिटरची टर्बो इंजिने पात्रता फेरीत हजार अश्वशक्तीच्या पलीकडे जात. पण ती चार-दोन फेऱ्यांपुरतीच. पूर्ण शर्यतीत दाब कमी ठेवावा लागे. उष्णता किती, याइतकेच ती किती वेळ, हेही विचारावे लागते.

१४/ मित्राच्या गाडीपुरते गणित मांडू. समजा, पाण्याकडे जाणारी उष्णता ६० किलोवॅटवरून ९० झाली. ओव्हरटेक करताना दहा सेकंद पूर्ण दाब दिला, तर जादा उष्णता ३०० किलोज्यूल. ती सगळी सात लिटर पाण्यात साठली तरी तापमान सुमारे १० अंश वाढेल; धातूही वाटा उचलतो, म्हणून प्रत्यक्षात कमीच. मात्र ट्रॅकवर हेच वीस मिनिटे चालले, तर ३६,००० किलोज्यूल साठवायला जागाच नाही. ती रेडिएटरनेच बाहेर टाकली पाहिजे.

१५/ आपल्याकडचा उन्हाळाही हिशोबात धरा. पाणी ९५ अंशांवर आणि बाहेर २५ असेल, तर फरक ७० अंशांचा. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ असेल, तर फरक ५० चा. म्हणजे त्याच रेडिएटरची क्षमता जवळपास २९ टक्क्यांनी घटली. त्यातच इंटरकूलर बहुधा रेडिएटरच्या पुढे बसतो, आणि त्याने तापवलेली हवा मागे रेडिएटरला मिळते.

१६/ तेव्हा मित्राला लिहिलेले उत्तर असे. ठोके पडत असतील तर मोठा रेडिएटर त्यावरचे औषध नव्हे. इंटरकूलर, इंधनाचे प्रमाण आणि ठिणगीची वेळ पाहा. टर्बोच्या तेलाकडे दुर्लक्ष नको. गाडी शहरात फिरणार असेल आणि टर्बोचा दाब माफक असेल, तर जुना रेडिएटर आतून-बाहेरून साफ करून घे, पाणी व तेल यांच्या तापमानाचे खरे काटे बसव आणि घाटात, भर दुपारी ते पाहा.

१७/ चढावर काटा वर जाऊन स्थिरावला, तर पैसे वाचले. तो चढतच राहिला, तर मोठा रेडिएटर घेच. ट्रॅकवर जायचे असेल, तर वाट न पाहता आधीच घे. आणि मोठा रेडिएटर बसवल्याने इंजिन 'जास्त थंड' चालेल असे समजू नकोस. तापमानाची खालची पातळी थर्मोस्टॅट ठरवतो. रेडिएटर देतो ती शिल्लक क्षमता.

१८/ मित्राचे उत्तर आले : "म्हणजे आधी काटे." हो, आधी काटे. जेटफायरच्या टाकीवर झडप होती, पण टाकीत डोकावणारा माणूस नव्हता. त्या साडेनऊ हजार गाड्यांकडून एवढे जरी घेतले, तरी इतिहासवाल्याला विचारलेला प्रश्न वाया गेला नाही असे म्हणेन. आपल्यापैकी कोणी जुन्या गाडीला टर्बो बसवला असेल, तर उन्हाळ्यात काटा कुठे थांबला ते खाली जरूर लिहा.